ट्रकमध्ये सामान चढण्याआधी

कळमेश्वरहून नागपूरला बिऱ्हाड हलवायचं असेल, तर कुणी कागद करत बसत नाही. ओळखीचा मेटॅडोरवाला ठरतो, भाचे-पुतणे हमालीला येतात आणि दुपारपर्यंत नव्या घरी चहा होतो. काही मागे राहिलंच तर संध्याकाळी दुचाकीवरून आणता येतं. पुण्याला जायचं म्हटलं की मात्र सगळंच बदलतं. अंतर सातशे किलोमीटरच्या घरात, वाहतूकदार अनोळखी, फ्लॅट वरच्या मजल्यावर आणि लिफ्ट कधी वापरायची हे सोसायटी ठरवणार.

इथल्या एमआयडीसीतल्या एका तंत्रज्ञाला चाकणला नोकरी लागली आणि कुटुंबाने मोशीत फ्लॅट भाड्याने घेतला. गावातल्या सवयीने वाहतुकीचं सगळं फोनवरच ठरलं. सामान भरून झाल्यावर गाडीवरच्या माणसाने, सामान सांगितल्यापेक्षा जास्त निघालं म्हणून वाढीव पैसे मागितले. ते मिळाल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. घराच्या चाव्या मालकाला देऊन झाल्या होत्या, रात्रीच्या गाडीची तिकिटं काढलेली होती. पैसे द्यावेच लागले. मोशीत फ्रिजच्या दाराला खोल पोचा दिसला, तेव्हा प्रथमच बिल्टी नीट वाचली गेली. तिच्यावर एकच ओळ होती: जुनं घरगुती सामान, नग ३४. त्या नगांत फ्रिज होता, हेही कागदावरून दाखवता येईना.

सामान गाडीत चढलं की घासाघीस करायची ताकद कुटुंबाच्या हातून निसटते. तयारीचा खरा काळ त्याआधीचा असतो.

वाहतूकदाराचा माणूस घरी बोलवावा, माळ्यावरचं आणि गच्चीवरचं सामानही त्याला दाखवावं आणि मगच लेखी दर घ्यावा. पॅकिंग, भराई, उतराई, मजला, टोल, जीएसटी यांपैकी दरात काय धरलंय ते त्याच कागदावर हवं. सोसायटीच्या गल्लीत मोठा ट्रक शिरला नाही, तर छोट्या टेम्पोचा खर्च कुणाचा? गाडी पूर्ण आपली, की वाटेत दुसऱ्यांचं सामानही चढणार? याचीही नोंद असावी. नामांकित कंपनीसारखंच नाव लावून गिऱ्हाईक पकडणारे या धंद्यात बरेच आहेत. जीएसटी क्रमांक मागून तो सरकारी पोर्टलवर टाकला, की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं.

रस्त्यावरच्या मालवाहतुकीसाठी २००७चा स्वतंत्र कायदा आहे. त्याच्या २०११च्या नियमांनुसार भरपाईची मर्यादा साधारणपणे भाड्याच्या दहापट, आणि तीही माल पाठवताना जाहीर केलेल्या किमतीपुरतीच. म्हणजे किंमत हजारात लिहिली, तर नुकसान लाखाचं झालं तरी त्या आकड्यावर बोट ठेवलं जातं. म्हणून वस्तूवार यादी, प्रत्येकीची किंमत आणि फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीनचे चारही बाजूंनी काढलेले फोटो तयार ठेवावेत. प्रवासाचा विमा काढून देतो असं कुणी म्हटलं, तर पॉलिसीची प्रत मागावी. बिलावरची ‘विमा’ ही नुसती ओळ पुरेशी नाही.

काय न्यायचं नाही, हेही आधीच ठरवावं. विदर्भातला भलामोठा लोखंडी कूलर पुण्याच्या सरकत्या काचांच्या खिडकीत बसत नाही. मुंबईच्या दमट हवेत तर त्याचा गारवाच पडत नाही. त्याचं भाडं भरण्यापेक्षा तो गावातच विकलेला बरा. गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चढवायचाच नाही. तो आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा केला की अनामत परत मिळते, आणि तिथल्या व्हाउचरवर नव्या शहरात जोडणी घेता येते.

घराचा करारही गाडी निघण्याआधीच व्हायला हवा. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती ऑनलाइनही होते, त्यामुळे कळमेश्वरला बसूनही काम उरकतं. करार हाती असला, की सोसायटीची परवानगी आणि सामान चढवण्याची वेळ मागता येते. एमएच ४० क्रमांकाच्या गाडीला राज्यातल्या राज्यात नवा क्रमांक लागत नाही, पण बदललेला पत्ता ३० दिवसांत आरटीओला कळवावा लागतो.

मुलांच्या शाळेची तारीख विसरू नये. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात. इथल्या हिशेबाने जूनच्या अखेरीस निघालेल्या मुलाचे तिकडचे पहिले धडे बुडतात. शाळा सोडल्याचा दाखला उन्हाळी सुट्टीआधीच मागून ठेवावा.

उतराईच्या वेळी घरातला एक जण यादी घेऊन दाराशी उभा राहावा. मोठ्या वस्तूंचं वेष्टन हमालांसमोरच काढावं आणि पोचा, तडा, हरवलेला नग बिल्टीवर लिहून मगच सही करावी. दावा लावण्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं, त्यामुळे पुण्याला गेलेल्या कुटुंबाला त्यासाठी नागपूरच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.