चीवर आणि श्रेणी : गोवर्धनच्या विणकरांचा धडा

वर्षावासाची सांगता झाली, की अश्विन पौर्णिमेनंतर कार्तिक पौर्णिमेपर्यंतच्या काळात ठिकठिकाणच्या विहारांत कठीण चीवरदानाचा सोहळा होतो. विनयाप्रमाणे या चीवराचे कापणे, शिवणे आणि रंगविणे त्याच दिवशी पूर्ण व्हावे लागते. ब्रह्मदेशात तर उपासिका एकत्र जमून रात्रभर हातमागावर चीवर विणतात आणि पहाटे ते बुद्धमूर्तीस अर्पण करतात. आपल्याकडे दात्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु ज्या हातांनी ते वस्त्र विणले, त्यांचे स्मरण क्वचितच होते. महाराष्ट्रातील एका शिलालेखाने मात्र विणकरांचे हे स्मरण सुमारे एकोणीसशे वर्षे जपून ठेवले आहे.

डोंबिवलीहून कल्याण, कसारा करीत थळ घाट चढला, की आपण नाशिकला पोहोचतो. तेथील त्रिरश्मी डोंगरावरील लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, ही मुळात भिक्खूंची वर्षावासाची निवासस्थाने होत. त्यांपैकी क्रमांक १० चे लेणे क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दीनिकपुत्र उषवदात याने कोरविले. ४२ व्या वर्षी वैशाख महिन्यात त्याने हे लेणे चातुर्दिश संघास दिले, म्हणजे कोणत्याही दिशेने आलेल्या भिक्खूला तेथे आश्रय होता. त्याबरोबरच त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. अक्षयनीवी म्हणजे जिचे मुद्दल कधीही परत मागावयाचे नाही आणि जिचे केवळ व्याज उपभोगावयाचे, अशी ठेव.

ही ठेव राजाच्या कोषागारात ठेवलेली नाही. ती गोवर्धन येथील ‘कोलिक निकायां’कडे, म्हणजे विणकरांच्या संघांकडे सोपविलेली आहे. नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी गोवर्धन नावाचे गाव आजही आहे. एका विणकर-निकायाकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ या व्याजाने, तर दुसऱ्या निकायाकडे १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले गेले. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावयाचे होते.

हा हिशोब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. २००० वर शेकडा १ प्रमाणे महिन्याचे व्याज २० कार्षापण, म्हणजे वर्षाचे २४०. आता २० भिक्खूंना प्रत्येकी १२ दिले, तर तेही बरोबर २४० होतात. एकही नाणे उरत नाही, एकही कमी पडत नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण भिक्खूंच्या अन्य खर्चासाठी होते. दानामागे श्रद्धा होती, तितकाच चोख विचारही होता.

ज्या व्यवसायसंघांना प्राचीन ग्रंथ ‘श्रेणी’ म्हणतात, त्यांची योग्यता या लेखावरून कळते. श्रेणी ही केवळ कारागिरांची मंडळी नव्हती. ती ठेवी स्वीकारी, व्याज देई आणि पिढ्यान्‌पिढ्या दिलेला शब्द पाळण्याचे दायित्व घेई. हे दान निगमसभेत जाहीर करून, रीतीप्रमाणे नोंदवून ठेवल्याचेही लेखात म्हटले आहे. म्हणजे सर्वांसमक्ष वाचन आणि लेखी नोंद या दोन्हींचा आधार त्या विश्वासाला होता. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाची सत्ता संपविली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे सापडलेल्या साठ्यात नहपानाच्या हजारो नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा उमटविलेला आढळतो. राजे बदलतात, नाण्यांवरील मुद्राही बदलतात. अशा काळात भिक्खूंच्या वस्त्राची हमी श्रमजीवी समूहाकडे सोपविणे, हे दात्याचे शहाणपण होय.

हे उदाहरण एकाकी नाही. याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी कुंभार, तेली आदींच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचे त्यात नमूद आहे.

ज्या भूमीत विणकराचा शब्द एवढा मोलाचा होता, त्याच भूमीत पुढे विणकामाचे दार काही माणसांना बंद झाले. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली, की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या निमित्ताने ‘विटाळा’ची सबब पुढे केली जाई. विणकामात मजुरी अधिक होती, म्हणून हा अन्याय पोटावर मारणारा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला आणि विणकाम खाते सर्वांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह धरला. कामगारांच्या एकजुटीतच भेदभाव असेल, तर ती एकजूट खरी नव्हे, हा त्या आग्रहाचा अर्थ होता.

चातुर्दिश संघासाठी ठेवलेली चीवराची ठेव आणि सर्वांसाठी खुल्या मागाची मागणी या दोन घटनांमध्ये शतकांचे अंतर आहे. तरीही त्यांचा बोध एकच आहे. संघटना विश्वासावर उभी राहते, आणि जो विश्वास कोणाला दाराबाहेर ठेवतो तो अपुरा असतो.

निवासी विद्यालयही अनेकांच्या दानावर आणि श्रमावर चालते. येथील अन्न, वस्त्र, पुस्तके यांमागे न दिसणारे हात असतात. विद्यार्थ्यांनी त्रिरश्मीची सहल करावी, धम्मलिपीतील तो लेख डोळ्यांनी पाहावा आणि २४० कार्षापणांचा हिशोब तेथेच उभे राहून मांडावा. पुढील चीवरदानाच्या दिवशी काषाय वस्त्राचा धागा हाताला लागेल, तेव्हा दात्याबरोबर विणणाऱ्यालाही त्यांनी मनोमन वंदन करावे.