पेनड्राइव्ह घेताय? आधी वेग तपासा



लेखापरीक्षण जवळ आलं की ग्रामसंघाच्या लेखापाल ताईंची धांदल आपण सगळ्याजणी बघतो. ठरावांचे फोटो, पासबुकाच्या स्कॅन केलेल्या प्रती, गटांचे हिशोब, प्रशिक्षणाचे व्हिडिओ, सगळं पेनड्राइव्हमध्ये भरायचं असतं. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मात्र हलत नाही. तेवढ्यात लाइट गेली तर अर्धी गेलेली फाइल उघडतच नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे पेनड्राइव्हचा वेग ही शहरातल्या लोकांची हौस नाही, आपल्या कामाची गोष्ट आहे.

दुकानात आपण काय विचारतो? "किती जीबीचा? केवढ्याला?" एवढंच. वेग कुणी विचारत नाही, आणि विचारला तर दुकानदार पाकिटावरचा आकडा दाखवतो. त्या आकड्याच्या आधी बारीक अक्षरात 'अप टू' असतं, म्हणजे 'जास्तीत जास्त'. शिवाय तो बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो. वाचणं म्हणजे पेनड्राइव्हमधून संगणकात घेणं; लिहिणं म्हणजे संगणकातून पेनड्राइव्हमध्ये भरणं. कोठीतलं धान्य काढायला एक वेळ लागतो, भरायला दुसराच! स्वस्त पेनड्राइव्ह भरतानाच रडतो, आणि आपलं मुख्य काम भरण्याचंच असतं.

हिशोब करून बघू. आपल्याकडे २ जीबी माहिती आहे, म्हणजे साधारण २००० एमबी. लिहिण्याचा वेग सेकंदाला ५ एमबी असेल तर ४०० सेकंद, म्हणजे पावणेसात मिनिटं. २० एमबी असेल तर १०० सेकंद. व्याजाच्या हिशोबापेक्षा सोपं आहे की नाही?

'यूएसबी ३.०' किंवा '३.२ जेन १' असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, दोन्ही एकच. नाव बदललं, मर्यादा तीच: सेकंदाला ५ गिगाबिट. इथे बिट आणि बाइटमध्ये फसायला होतं. आठ बिटांचा एक बाइट. जुन्या यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट, आठने भागलं की ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात तेवढाही वेग मिळत नाही. हे आकडे रस्त्याचे आहेत, गाडीचे नाहीत. रस्ता रुंद असला तरी बैलगाडी बैलगाडीच्याच चालीने जाणार. उलटही खरं: ग्रामपंचायतीतल्या जुन्या संगणकाला फक्त २.० चं तोंड असेल, तर महागडा ३.० पेनड्राइव्हही तिथे २.० च्याच मर्यादेत चालेल. तोंडाच्या आत निळं प्लास्टिक असेल तर ते बहुधा ३.० असतं. आधी आपला संगणक बघा, मग पैसे खर्च करा.

आता खरी तपासणी. एका फोल्डरमध्ये १ जीबी माहिती ठेवा, त्यात एक मोठा व्हिडिओ आणि बाकी फोटो असू द्या. फोटो हवेतच, कारण शेकडो छोट्या फाइल्स जायला त्याच वजनाच्या एका मोठ्या फाइलपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि आपल्याकडे छोट्याच जास्त. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून फोल्डर पेनड्राइव्हमध्ये कॉपी करा. सुरुवातीला वेग छान दिसतो, मग तो खाली येतो. म्हणून पट्टीवरचा आकडा न बघता पूर्ण वेळ मोजा. १००० ला सेकंदांनी भागा, आला खरा वेग. मग 'इजेक्ट' करून पेनड्राइव्ह काढा, पुन्हा लावा आणि तोच फोल्डर परत संगणकात घ्या. न काढता घेतलं तर संगणक स्वतःच्या आठवणीतूनच फाइल देऊ शकतो आणि वेग खोटा दिसतो. दोन पेनड्राइव्हची तुलना करताना संगणक, तोंड आणि फोल्डर तेच ठेवा.

दुकानदार पाकीट फोडून तपासू देणार नाही, हे मान्य. मग ग्रामसंघांसाठी दहा घ्यायचे असले तरी आधी एकच घ्या, तपासा, आणि पटला तर बाकीचे घ्या. पक्कं बिल मागाच. व्हाउचरलाही लागतं आणि बदलून घ्यायलाही.

फार स्वस्तात खूप जीबी मिळत असतील तर सावध राहा. काही नकली पेनड्राइव्ह ६४ जीबी दाखवतात, आत जागा असते थोडीशीच, आणि वर भरलेली माहिती गायब होते. रिकाम्या पेनड्राइव्हवर 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं की खरी जागा कळते. मात्र ३२ जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर २९ च्या आसपास दिसला तर भांडायला जाऊ नका, तो फक्त मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

या महिन्याचा अभ्यास: ग्रामसंघात सध्या वापरात असलेला पेनड्राइव्ह वरच्या पद्धतीने तपासा. आधी त्यातली माहिती दुसरीकडे उतरवून ठेवा. भरायला किती सेकंद, काढायला किती, पेनड्राइव्ह कुठला, संगणकाचं तोंड कुठलं, हे वहीत लिहून प्रभाग संघाच्या बैठकीला आणा. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडू आणि त्यावरूनच पुढची खरेदी ठरवू.