आधी मूळ कार्बोरेटरला न्याय द्या

भिलाईत आमच्या घरी प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचे इंजिन, चोकची कळ आणि कंपनीने बसवलेला सोलेक्स कार्बोरेटर. बाबा पोलाद कारखान्यात नोकरीला होते, तेव्हापासून ती घरात आहे. "हा काढा, मारुतीचा बसवा, कटकट संपेल," असे शहरात सुपेल्यापासून पॉवर हाउसपर्यंत अनेकांनी सांगितले. मी मूळ कार्बोरेटरच राखला आणि गाडी आजही बागनदी, साकोली, भंडारा करत नागपूर गाठते. हा राखण्याचा खटाटोप जे शिकवून गेला, ते इथे मांडतो.

१. कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी लावा.
गाडी मिसिंग करू लागली की पेचकस आधी कार्बोरेटरवर जातो. पण पॉइंट झिजले, कंडेन्सर गेला, टायमिंग हलले किंवा टॅपेट घट्ट असले, तरी लक्षणे तीच दिसतात. म्हणून आधी टॅपेट, मग प्लग, पॉइंट आणि टायमिंग, त्यानंतर पेट्रोल पंप आणि फिल्टर. एवढे नीट झाले की बऱ्याच तक्रारी कार्बोरेटर न उघडताच मिटतात.

२. चोरून शिरणारी हवा शोधा.
थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षे फिरून आपले भोक सैल करतो. नट जास्त आवळल्याने कार्बोरेटरचे बूड वाकते, खालचे गॅस्केट सुकते. या फटींतून हवा आत जात असेल, तर सकाळी लावलेला स्लो (आयडलिंग) संध्याकाळपर्यंत टिकत नाही. इंजिन चालू ठेवून सांध्यांवर थोडे ऑइल लावा. आवाज बदलला, तर गळती तिथेच आहे. बूड सपाट आहे का, ते काचेवर ठेवून पाहा. दांड्याला नवे बुश बसवणारा खरादवाला भिलाईत शोधावा लागत नाही.

३. जेटमध्ये तार घालू नका.
सोलेक्सच्या जेटवरचा आकडा हा भोकाचा व्यास असतो. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. एव्हरेजसाठी त्यात तांब्याची तार घालणारे आणि पिकअपसाठी भोक रुंद करणारे, दोघेही हे माप कायमचे बिघडवतात. पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते आणि व्हॉल्व्ह जळतात. वाचवलेल्या पेट्रोलपेक्षा हेडचे काम कितीतरी महाग पडते. जेट पेट्रोलने धुवा, हवेने फुंका, आणि भोक बिघडले असेल तर त्याच आकड्याचा नवा घ्या.

४. मे महिन्याचा दोष कार्बोरेटरच्या माथी मारू नका.
पारा ४५ अंशांजवळ गेला की भिलाईतल्या जीई रोडच्या गर्दीत पंपात आणि नळीतच पेट्रोलची वाफ होते. गाडी बंद पडते आणि पंपावर ओले फडके ठेवले की सुरू होते. उपाय करायचा तो उष्णतेवर. नळी एक्झॉस्टपासून दूर न्या आणि कार्बोरेटरखाली बेकलाइटची जाड चकती आहे ना, ते पाहा. शिवाय १० अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे दहाव्या हिश्श्याने विरळ असते, त्यामुळे जानेवारीत जुळवलेल्या मिश्रणात मेमध्ये पेट्रोल जास्त होते. त्यातच धुळीने एअर फिल्टर तुंबला, तर ते आणखी वाढते.

५. पेट्रोल बदलले आहे, हे मान्य करा.
२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल टप्प्याटप्प्याने आले. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या पेट्रोलला साधारण १३.५. नवी गाडी सेन्सरच्या मदतीने हे सांभाळून घेते, जुना जेट घेऊ शकत नाही. मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होते. १२० ऐवजी १२५ चा जेट घेतला, तर भोकाचे क्षेत्रफळ तेवढेच वाढते. मूळ जेटचा आकडा बदलण्याचे मला पटलेले कारण हे एवढेच. पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. जुने रबर त्याने खराब होते, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर गळणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

६. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.
इंजिन पूर्ण गरम आणि चोक बंद असताना मिक्श्चर स्क्रू फिरवून आवाज सर्वांत भरीव होतो ती जागा पकडा, मग स्लो खाली आणा. मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून प्लग पाहा. फिकट बदामी रंग म्हणजे ठीक, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, काजळी म्हणजे जास्त. जेटचा आकडा, स्क्रूचे फेरे, तारीख आणि हवामान वहीत टिपा. कारखान्यातली माणसे शिफ्टचे लॉगबुक ज्या निष्ठेने भरतात, त्याच निष्ठेने. मिस्त्री बदलला तरी ही वही कामी येते.

७. बदलायचाच झाला, तर इंजिन पाहून बदला.
बॉडी तडकली किंवा दुरुस्तीपलीकडे झिजली, तर बदलणे योग्यच. पण मारुती ८०० चा कार्बोरेटर ७९६ सीसीसाठी जुळवलेला आहे. पद्मिनीवर तो बसवताना जेट, चोकची केबल आणि एअर फिल्टर, सगळे नव्याने जमवावे लागते. उलट दुसरा एखादा गरजेपेक्षा मोठा बसवला, तर कमी वेगात हवेचा ओघ मंदावतो आणि पिकअप बिघडतो. आणि काढलेला सोलेक्स भंगारात देऊ नका. पद्मिनी बनवणे केव्हाच थांबले आहे. तुमच्याकडची झिजलेली बॉडीही नवे बुश घालून आपल्यापैकीच कुणाची गाडी पुन्हा रस्त्यावर आणू शकते.