पानावरची लव

तापी, गिरणा आणि पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळीभोर जमीन हे खानदेशाचे वैभव होय. मृगाचा पाऊस पडला, की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शेतकरी या जमिनीत सरकी लावतात. दिवाळीच्या सुमारास सारे शिवार पांढऱ्या बोंडांनी फुलून जाते. परंतु सरकी लावल्यापासून कापूस वेचीपर्यंत या पिकास अनेक शत्रू असतात. त्यांपैकी एक म्हणजे तुडतुडा.

तुडतुडा हा फिकट हिरव्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा कीटक आहे. तो पानाच्या खालच्या बाजूस दडून बसतो आणि चाहूल लागताच तिरका पळतो. आपल्या सोंडेने तो पानातील रस शोषून घेतो. मग पानाच्या कडा पिवळ्या पडतात, तांबूस होतात, मुरडतात आणि अखेर पान करपून जाते. तुडतुड्याची मादी पानाच्या शिरांत अंडी घालते. त्यामुळे पिढीमागून पिढी त्याच झाडावर पोसली जाते.

आता एक नवल पाहा. बांधाच्या दोन बाजूंस कापसाचे दोन वाण लावले, तर कधी कधी एक करपतो आणि दुसरा हिरवागार राहतो. असे का व्हावे? या दुसऱ्या वाणाचे पान उलटून पाहिले, तर पुष्कळदा त्यावर बारीक, दाट लव दिसते. या लवेमुळे मादीस अंडी घालणे कठीण जाते आणि पिलांना रस शोषता येत नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील बार्बरटन येथे पार्नेल या शास्त्रज्ञाने अशीच लवदार झाडे निवडून ‘यू ४’ हा वाण तयार केला. तुडतुड्यांमुळे जेथे कापूस होईनासा झाला होता, तेथे तो पुन्हा पिकू लागला.

ही लव झाडास मिळते कोठून? ती त्यास वारशाने मिळते. सजीवाच्या पेशीत धाग्यासारखी गुणसूत्रे असतात आणि त्यांवर गुण ठरविणारी जनुके ओळीने वसलेली असतात. अमेरिकन कापसात गुणसूत्रांच्या २६ जोड्या असतात. देशी कापसात १३. एवढ्या पसाऱ्यात लवेचे जनुक कोठे आहे, हे कसे शोधावे?

पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात ती घुंगुरमाळ आठवा. ती तुटली, तर शेजारशेजारचे दोन घुंगूर बहुधा एकाच तुकड्यात राहतात. दूरदूरचे मात्र वेगळे होतात. नव्या पिढीची बीजे तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्याही आपापले तुकडे परस्परांत बदलतात. जी जनुके एकमेकांजवळ असतात, ती पुढील पिढीत बहुधा बरोबरच जातात. त्यांची ताटातूट किती वेळा झाली हे मोजले, की त्यांमधील अंतर कळते. या युक्तीने १९१३ साली अमेरिकेतील स्टर्टेव्हंट या तरुणाने फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. पुढे त्याच रीतीने कापसाच्या लवेचे एक महत्त्वाचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असल्याचे शास्त्रज्ञांनी शोधून काढले.

लव निदान डोळ्यांना दिसते. परंतु पुष्कळ संरक्षक गुण दिसत नाहीत. गव्हाचेच उदाहरण घ्या. अमेरिकेत हेसियन माशीच्या अळ्या गव्हाच्या कोवळ्या रोपांची नासाडी करतात. काही वाणांवर या अळ्या जगूच शकत नाहीत. पण वरवर पाहून ते वाण ओळखू येत नाहीत. गव्हाच्या २१ जोड्यांमध्ये अशी तीसहून अधिक जनुके सापडली असून, त्यांपैकी पुष्कळांची जागा नकाशावर निश्चित झाली आहे. त्यामुळे कीड येण्याची वाट न पाहता, पानाचा लहानसा तुकडा तपासून रोपात ते जनुक आहे की नाही, हे सांगता येते.

म्हणून माणसाने किडींवर कायमचा विजय मिळविला काय? नाही. जी लव तुडतुड्यास नकोशी वाटते, तीच पांढऱ्या माशीस बहुधा मानवते. शिवाय कीटकही बदलत असतात. बोंडअळीस मारक ठरणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या बीटी कापसास भारतात २००२ साली परवानगी मिळाली. परंतु त्यास न जुमानणाऱ्या शेंदरी बोंडअळ्या हळूहळू वाढल्या आणि २०१७ साली महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांचे अतोनात नुकसान झाले. खानदेशासही त्याची झळ लागली. यास्तव हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटाव्यात, फरदड घेऊ नये, असे कृषिशास्त्रज्ञ सांगतात; कारण फरदडीवर अळीस पुढेही अन्न व आसरा मिळत राहतो.

एके काळी खानदेशात ‘जरीला’, ‘विरनार’ असे देशी वाण पिकत. ज्या बियाण्यास आज कोणी विचारीत नाही, त्यातही उद्याच्या किडीस तोंड देणारा एखादा गुण असू शकतो. बियाणेच नाहीसे झाले, तर नकाशा तरी कशाचा काढणार? म्हणून जुने वाण जपून ठेवणे, हेही शेतीचेच काम होय.

स्वाध्याय

१. तुडतुडा कापसाच्या पानांचे नुकसान कसे करतो?
२. घुंगुरमाळेच्या उदाहरणावरून जनुकांचा नकाशा कसा काढतात, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. हंगामानंतर कापसाची फरदड का घेऊ नये?
४. तुमच्या गावात पूर्वी पिकणाऱ्या जुन्या वाणांची नावे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.