परदेशातल्या चार आठवड्यांसाठी झोप उडवू नकोस

अगं, आधी तो लॅपटॉप मीट बघू. समर स्कूलचं पान, व्हिसाचं पान, तिकिटांचं पान, सगळं एका वेळी उघडून बसलीस तर कुणाचंही डोकं भणभणेल. एकेक घेऊ.

खरं सांगू का, आधी जरा कडू बोलते. समर स्कूल नावाजलेल्या विद्यापीठाचं असलं, तरी तिथला प्रवेश म्हणजे त्या विद्यापीठाच्या पदवीचा प्रवेश नव्हे. बरे गुण, कामापुरतं इंग्रजी, वेळेत अर्ज आणि भरलेली फी, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी दार उघडतं. म्हणून प्रवेशाच्या मेलमधलं अभिनंदन वाचून हुरळू नकोस, आणि बाबांना त्यासाठी एफडी तर मुळीच मोडायला लावू नकोस. चार आठवड्यांच्या कोर्सवर भाळून कुणी नोकरी देत नाही. मग जायचं कशाला? बघ, पुढे दोन वर्षांच्या मास्टर्सला जर्मनीला जायचं तुझ्या मनात आहे ना? तिथलं शिकवणं आपल्याला मानवतं का, एकटीनं करमतं का, हे लाखांचं कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं. एवढ्यासाठी जाणार असशील, आणि घराला ओढाताण न होता जमत असेल, तर खुशाल जा.

आता तारखा. इथेच सगळ्यांची गाडी अडते. आपल्या परीक्षा एप्रिल-मेमध्ये, कधी जूनपर्यंत लांबतात. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीचं ‘फुबिस’ हे समर स्कूल घे. त्यांचं सहा आठवड्यांचं सत्र मेअखेरीला सुरू होतं, म्हणजे तुझा शेवटचा पेपर आणि त्यांचा पहिला तास एकमेकांवर आदळणार. जुलै-ऑगस्टचं चार आठवड्यांचं सोयीचं वाटेल, हायडेलबर्गचा जर्मन भाषेचा वर्गही ऑगस्टमध्येच असतो. पण तेव्हा आपलं कॉलेज उघडलेलं असतं गं! हजेरीचं काय? फी भरण्याआधी विभागप्रमुखांना भेट आणि परवानगी लेखी घे. ‘जा गं, बघू नंतर’ हे तोंडी आश्वासन हजेरीपट उघडला की कुणालाच आठवत नाही.

त्याच भेटीत क्रेडिटचंही विचार. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यात घरी बसून केलेलाही धरतात. आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास. हिशेबच वेगळा, त्यामुळे तिथली क्रेडिटं इथे आपोआप जमा होतील असं धरून चालू नकोस. कोर्सचा अभ्यासक्रम आणि तासांचा तपशील छापून घेऊन जा, म्हणजे समोरच्याला निर्णय घेता येतो.

व्हिसाला तू उगीच घाबरतेस. 90 दिवसांच्या आतला मुक्काम, म्हणून साधा शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करावाच लागतो. पण बघ, मे-जूनमध्ये सहलीला निघालेली अर्धी दुनिया त्याच रांगेत असते, तेव्हा अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. स्वीकारपत्र हातात पडलं की लगेच तारीख घे. निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बाबांची बँक स्टेटमेंटं, आयटी रिटर्न आणि कॉलेजचं बोनाफाईड एका फाइलमध्ये लावून ठेव. आणि खात्यात आदल्या आठवड्यात कुठून तरी मोठी रक्कम आणून टाकू नका. तपासणाऱ्याला ते लगेच दिसतं.

बॅग भरताना आईशी भांडण होणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. साजूक तूप, पेढे, श्रीखंड यातलं काही नेता येत नाही. बाहेरून येणाऱ्यांना युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हापूसही नाही गं, ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला खुशाल ने, फक्त नीट बंद करून. आणि वसतिगृहात फोडणी जपून! धुराचा गजर फार हळवा असतो. माझ्या मोहरीनं एकदा अख्खी इमारत पायजम्यात खाली उतरवली होती. तो जिरेभात पुढे सगळ्यांना वाटून टाकला म्हणून निभावलं. रविवारी तिथे बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा शनिवारीच दूध-पाव भरून ठेव. पाणी नळाचं पी, चांगलं असतं. प्लास्टिकची बाटली घेतलीसच तर फेकू नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकलीस की 25 सेंट मिळतात.

एकटेपणाचं विचारलंस. पहिले तीन-चार दिवस रडू येईल, येऊ दे. उन्हाळ्यात आपल्यात आणि जर्मनीत साडेतीन तासांचाच फरक असतो. तुझं दुपारचं जेवण झालं की आईचा संध्याकाळचा चहा चालू असेल, तेव्हा फोन कर. पण दिवसातून एकदाच. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो, तो खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर घालवलास तर मी रागावेन.

आणि यंदा नाहीच जमलं, तर आकाश कोसळत नाही. मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू कर. डाड ही जर्मन संस्था उन्हाळी भाषावर्गांसाठी शिष्यवृत्ती देते, पण जर्मन आधीपासून येत असलेल्यांनाच, आणि अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागतो. उद्या सकाळी आधी परीक्षा विभागात जाऊन वेळापत्रक कधी लागणार ते विचार, आणि मग मला फोन कर.