फिट ओळखणारा कुत्रा घेण्याआधी

मुलाला फिट येणार हे कुत्र्याला आधीच कळतं आणि तो भुंकून घर उठवतो, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारानं थकलेले आईवडील लगेच खिशात हात घालतात. रात्र रात्र मुलाच्या श्वासाकडे कान लावून जागणाऱ्यांना याहून मोठा दिलासा कोणता? अमेरिकेत सर्व्हिस डॉगच्या, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याच्या, नावानं होणारी फसवणूक नेमकी याच जागी होते.

प्रस्तुत लेखिका ओहायोत राहते, आणि मुलासाठी कुत्रा शोधताना तिनं हा बाजार जवळून पाहिला आहे. एका खासगी प्रशिक्षकानं लॅब्राडॉरचं लहानसं पिल्लू दाखवलं, ‘शंभर टक्के अलर्ट’ची, म्हणजे फिटच्या आधी हमखास इशाऱ्याची, ग्वाही दिली आणि अर्धे पैसे आगाऊ घेतले. फिटच्या वेळी मुलाच्या अंगात असलेला टी-शर्ट झिपच्या पिशवीत बंद करून पाठवा, असं त्यानं सांगितलं. ही पद्धत खरी आहे. चांगल्या संस्थाही कपड्यांवरचा वास शिकवण्यासाठी वापरतात. पण त्या पिशवीचं पुढे काय केलं, कुत्र्यानं किती वेळा बरोबर ओळखलं, किती वेळा तो चुकला, याची नोंद मागितल्यावर उत्तर आलं नाही. ‘पिल्लू तयार आहे, उरलेले पैसे पाठवा’ एवढाच निरोप आला. कुटुंबानं पिल्लू घेतलं नाही. आगाऊ रक्कम मात्र परत मिळाली नाही.

असं इतरांच्याही वाट्याला आलं आहे. व्हर्जिनियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी 2018 मध्ये मधुमेहींसाठी ‘अलर्ट’ कुत्रे पुरवणाऱ्या एका विक्रेत्यावर दावा लावला. हजारो डॉलर मोजून घरी आलेले कुत्रे म्हणजे धड न शिकवलेली पिल्लं होती, असा आरोप होता.

मग कुत्र्याला फिट कळते की नाही? फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये पाच प्रशिक्षित कुत्र्यांसमोर रुग्णांच्या श्वासाचे आणि घामाचे नमुने ठेवले. फिटच्या वेळचे नमुने कुत्र्यांनी इतरांतून ओळखले. म्हणजे फिटला वास असतो. बेलफास्टमध्ये 2021 साली घरगुती कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात, फिटच्या आधीच्या वासानंही त्यांचं वागणं बदलताना दिसलं. कॅनडात कॅलगरीच्या डॉक्टरांनी अपस्मार असलेल्या मुलांच्या घरी विचारपूस केली, तेव्हा काही कुत्रे कुणीही न शिकवता फिटची चाहूल देतात, असं पालकांनी सांगितलं. हे सगळं आशादायक आहे. पण अमुक एक कुत्रा अमुक एका मुलाची फिट दर वेळी आधी सांगेल, याची हमी यातल्या कुठल्याच अभ्यासानं दिलेली नाही, आणि जो विक्रेता ती देतो त्याच्यापासून दोन हात लांब राहिलेलं बरं.

खात्रीनं शिकवता येतं ते फिट सुरू झाल्यानंतरचं काम. भुंकून दुसऱ्या खोलीतल्या आईला बोलावणं, अलार्मचं बटण दाबणं, मूल शुद्धीवर येईपर्यंत त्याला चिकटून बसणं. लेखिकेच्या मते कुत्रा मागायचा तो यासाठी. आधी सूचना मिळाली तर ती वरकमाई समजावी. ओहायोतच झिनिया इथे 1998 पासून काम करणारी ‘फोर पॉज फॉर अ‍ॅबिलिटी’ ही संस्था खास मुलांसाठी कुत्रे देते. तिथे कुटुंबाला कुत्र्याबरोबर प्रशिक्षण घ्यावं लागतं. ते टाळून कुत्रा थेट दारात आणून देणाऱ्याला प्रश्न विचारा: आधी कुत्रे दिलेल्या घरांशी बोलता येईल का? कुत्रा जमला नाही तर परत घेणार का? हे लेखी द्याल का?

कागदपत्रांना भुलू नका. अमेरिकेच्या अपंगत्वविषयक कायद्यात सर्व्हिस डॉगची कुठलीही सरकारी नोंदणी नाही. ऑनलाइन विकत मिळणारं प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांना कायद्यात काडीची किंमत नाही. कुत्रा घेऊन दुकानात गेलात, तर दुकानदार दोनच गोष्टी विचारू शकतो: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि तो कोणतं काम शिकला आहे.

शाळेत कुत्रा नेणं मात्र इतकं सोपं नसतं. मिशिगनमधल्या एहलेना फ्राय या सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीला शाळेनं ‘वंडर’ नावाचा कुत्रा आणू दिला नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2017 मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. तरीही वर्गात कुत्र्याला सांभाळणारं माणूस देण्याची सक्ती सहसा शाळेवर नसते. मूल लहान असेल तर कुत्र्याची दोरी कोण धरणार, हे पैसे भरण्याआधी ठरवा.

पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांचे लेखिकेला फोन येतात: मुलाला सोबत म्हणून एखादा लॅब्राडॉर आणू का? सोबतीसाठी खुशाल आणा. पण न शिकवलेला कुत्रा फिट पाहून घाबरू शकतो, पळू शकतो, कधी अंगावरही येऊ शकतो. ब्रिटिश संशोधकांनी 2000 सालीच हे नोंदवलं आहे. म्हणून फिट आली की घरातल्या एकानं कुत्र्याला खोलीबाहेर न्यावं. दुसऱ्यानं मुलाला कुशीवर वळवावं, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्यात, घड्याळ बघावं. तोंडात चमचा घालू नये, चप्पल-कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला स्प्रे द्यावा आणि थेट रुग्णालय गाठावं.