मोंतेवेर्दे : ढगातले रान

पाऊस पडतो आणि रान वाढते, हा धडा आपण चौथी-पाचवीत गिरवलेला असतो. पण पाऊस थांबल्यावरही ज्या रानात दिवसरात्र पाणी ठिबकत राहते, त्या रानाची हकीकत पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. अशा रानाला मेघवन म्हणावे. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या लहानशा देशात, तिलारान नावाच्या डोंगररांगेवर, मोंतेवेर्दे येथे असे एक राखीव मेघवन आहे. मोंतेवेर्दे म्हणजे हिरवा डोंगर. ते कसे राखले गेले आणि राखूनही त्यातले काय हातचे गेले, हे वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आधी पाण्याचे समजून घेऊ. कोस्टा रिकाच्या पूर्वेला कॅरिबियन समुद्र आणि पश्चिमेला प्रशांत महासागर आहे. दोहोंच्या मध्ये डोंगरांचा कणा. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे कॅरिबियन समुद्रावरची वाफ घेऊन या कण्यावर आदळतात, वर चढतात, थंड होतात, आणि वाफेचे ढग बनतात. आपल्याकडे सह्याद्रीवर मोसमी वारे पश्चिमेकडून चढतात. तेथे दिशा उलटी, क्रिया तीच. फरक एवढा की मोंतेवेर्देच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे १५०० ते १८०० मीटर उंचीवर, हे ढग आकाशात न राहता झाडांतूनच वाहतात. वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस तेथे पडतोच. पण खरी गंमत डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत असते. खाली प्रशांत किनाऱ्याकडची कुरणे वाळून पिवळी पडतात, पाऊस जवळजवळ बंद होतो, आणि माथ्यावर मात्र पाने, फांद्या व शेवाळ ढगाला जणू गाळून घेतात. धुक्याचे कण पानावर साठतात, त्यांचे थेंब होतात, थेंब जमिनीत मुरतात. उन्हाळ्यातले ओढे या ठिबकण्यावर जगतात. झाडे तोडली तर ढग येईल आणि निघून जाईल. त्याला अडवणार कोण?

या गाळणीचे काम मुख्यतः झाड एकटे करत नाही. त्याच्या अंगावरचा पसारा करतो. एकेका फांदीवर शेवाळाची जाड गादी, तिच्यात नेचे, आमरी, अननसाच्या कुळातील रोपे. या परिसरात नुसत्या आमरीच्याच चारशेहून अधिक जाती आहेत. ही बांडगुळे नव्हेत. बांडगूळ झाडाचा रस शोषते. ही रोपे फांदीचा फक्त आधार घेतात आणि आपले पोट धुक्यातून व वाऱ्यावर येणाऱ्या धुळीतून भरतात. वाळून पडलेल्या पानांची फांदीवरच माती बनते. नलिनी नाडकर्णी या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी गिर्यारोहकांचे दोर लावून वर्षानुवर्षे या शेंड्यांवर चढून अभ्यास केला. (आडनाव वाचून वाचकांनी कान टवकारले असतील. त्यांचे वडील भारतातून अमेरिकेत गेले होते.) त्यांनी १९८१ साली दाखवून दिले की काही झाडे आपल्याच फांद्यांतून मुळे फोडतात आणि ती या वरच्या मातीत घालून अन्न घेतात. पाहुण्याला आसरा द्यावा आणि त्याच्या शिदोरीत आपलाही घास असावा, असा हा व्यवहार. फांदीवरचे शेवाळ एकदा खरवडून काढले तर ते पुन्हा भरून यायला कितीतरी वर्षे लागतात, हेही त्यांनी तेथे प्रयोगाने पाहिले.

आता हे रान राहिले कसे? ते कोणा सरकारी खात्याच्या हुकुमाने राहिले नाही. त्याची सुरुवात एका तुरुंगवासातून झाली. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतील एक पंथ. शस्त्र हाती घ्यायचे नाही, हा त्यांचा कडक नियम. अमेरिकेतील अलाबामा संस्थानात फेअरहोप या गावच्या चार क्वेकर तरुणांनी १९४८ साली सैन्यभरतीच्या यादीत नाव नोंदवण्यास नकार दिला, आणि १९४९ साली त्यांना शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी व त्यांच्या नातलगांनी असा देश शोधला, की जेथे सैन्यच नाही. कोस्टा रिकाने १ डिसेंबर १९४८ रोजी आपले सैन्य बरखास्त केले होते. अकरा कुटुंबांतील चाळीसेक माणसे तेथे गेली आणि १९५१ साली डोंगरावर सुमारे १४०० हेक्टर जमीन त्यांनी विकत घेतली. गाई पाळल्या. डोंगरातून दूध शहरापर्यंत नेताना नासते, म्हणून चीजचा कारखाना काढला.

या लोकांना वन्यप्राण्यांचा कळवळा होता म्हणून त्यांनी रान राखले, असे सांगणे गोड वाटेल, पण ते खरे नव्हे. त्यांनी झाडे पुष्कळ तोडली. गाईंना कुरण हवे होते. पण वस्तीचे पाणी कोठून येते हे त्यांनी आल्याबरोबर पाहिले, आणि ओढ्यांच्या उगमाची माथ्यावरची सुमारे ५५० हेक्टर जमीन, म्हणजे एकूण खरेदीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक, कोणाच्याही वाट्याला न देता सर्वांची म्हणून बाजूला काढली. तिच्यावर कुऱ्हाड चालवायची नाही असे ठरले. शेतकऱ्याची ही साधी हिशेबी बुद्धी आहे. मला तर ती उदात्त भाषणांपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

पुढे जॉर्ज पॉवेल हा पक्ष्यांचा अभ्यास करणारा विद्यार्थी व त्याची पत्नी हॅरिएट तेथे आली. शेजारच्या रानात लोक झाडे तोडत व शिकार करत सरकत आहेत हे पाहून त्यांनी जमीन विकत घेण्याचा उद्योग मांडला, आणि १९७२ साली कोस्टा रिकाच्या ‘सेन्त्रो सिएन्तिफिको त्रोपिकाल’ या संस्थेच्या मालकीने राखीव वन स्थापन झाले. सुरुवातीला ते ३२८ हेक्टर होते. आज सुमारे ४००० हेक्टर आहे. क्वेकरांनी राखलेला माथाही पुढे भाडेपट्ट्याने त्याला जोडला गेला. पॉवेलच्या जोडीला विलफर्ड गिंडन हे गृहस्थ होते. तुरुंगात गेलेल्या चौघांपैकी हे एक. डोंगरावर आल्यावर त्यांनी रान साफ करण्याचे काम केले होते, यांत्रिक करवतीही विकल्या होत्या. तेच पुढे आयुष्यभर या वनाच्या पायवाटा आखत आणि पहारा करत राहिले. २०१६ साली ते वारले.

शिक्षक म्हणून मला पुढची हकीकत विशेष मोलाची वाटते. १९८७ साली स्वीडनमधील फागेरविक या गावच्या लहानशा शाळेत एहा केर्न या बाई मुलांना उष्ण प्रदेशातील अरण्ये शिकवत होत्या. शॅरन किन्समन या जीवशास्त्रज्ञ बाईंनी येऊन मोंतेवेर्देची चित्रे दाखवली. तोडीची माहिती ऐकून रोलांड नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, की आपल्याला काय करता येईल? अशा प्रश्नावर बहुतेक वर्गांत ‘मोठे झाल्यावर करा’ असे उत्तर मिळते. मीही ते दिले असते, कदाचित दिलेही असेल. केर्नबाईंनी ते दिले नाही. मुलांनी नाटक केले, वस्तू विकल्या, पैसे जमवले. पहिल्या रकमेतून सहा-सात हेक्टर रान विकत घेतले गेले. ही गोष्ट शाळाशाळांतून पसरली आणि ४४ देशांतील मुलांनी हातभार लावला. ‘मुलांचे चिरंतन रान’ या नावाचे ते वन मोंतेवेर्देच्या राखीव वनाला लागूनच आहे आणि आज २२ हजार हेक्टरांहून मोठे आहे. म्हणजे थोरांच्या वनाच्या पाचपट!

येथवर सारे आनंदाचे. आता दुसरी बाजू.

याच माथ्यावरच्या, वाऱ्याने खुरटलेल्या झाडांच्या पट्ट्यात एक सोनेरी बेडूक राहत असे. शास्त्रज्ञ जे सॅव्हेज यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन १९६० नंतरच्या दशकात प्रसिद्ध केले. जगात दुसरीकडे तो कोठेच नव्हता. त्याचा मुलूख अवघा काही चौरस किलोमीटरांचा. वर्षभर तो जमिनीखाली दडलेला असे. एप्रिल-मेच्या पहिल्या पावसात झाडांच्या मुळांशी साचलेल्या डबक्यांवर नर शेकड्यांनी जमत. रंग असा झगझगीत नारिंगी, की पाहणाऱ्याला तो रंगवलेला वाटे. १९८७ साली मार्था क्रंप या संशोधिकेने दीड हजारांवर बेडूक मोजले. पण त्या वर्षी डबकी लवकर आटली. त्यांनी पाहिलेल्या ४३,५०० अंड्यांपैकी अवघी २९ पिल्ले आठवडाभराहून अधिक जगली. १९८८ साली साऱ्या रानात दहा-अकरा बेडूक दिसले. १५ मे १९८९ रोजी एकच नर दिसला. त्यानंतर कोणालाच नाही. २००४ साली ही जात नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

एकही झाड तोडले गेले नव्हते. पहारा होता, कुंपण होते, कायदा होता. मग बेडूक गेला कसा? ॲलन पाउंड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली मांडले की १९७५ च्या सुमारापासून माथ्यावर धुके नसलेले दिवस वाढत आहेत. हवा तापल्याने ढगांचा तळच वर सरकतो आहे. त्यांच्या पाहणीच्या क्षेत्रातून बेडकांच्या ५० पैकी २० जाती दिसेनाशा झाल्या होत्या, आणि पायथ्याकडचा मोठ्या चोचीचा टूकन पक्षी वर येऊन घरटी करू लागला होता. २००१ साली रॉबर्ट लॉटन यांनी आणखी एक धागा जोडला. वारे ज्या सखल प्रदेशावरून येतात तेथले रान कुरणांसाठी तोडले गेले आहे. त्या उघड्या जमिनीवर ढग कमी बनतात, आणि शेजारच्या निकाराग्वात रान शिल्लक असलेल्या भागावर जास्त, हे उपग्रहाच्या चित्रांत दिसते. कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीला लागून त्यांना मारते, हेही पुढे कळले. उलट, केव्हिन अँचुकायटिस व मायकेल एव्हान्स यांनी २०१० साली तेथल्या झाडांच्या लाकडाची रासायनिक तपासणी करून सांगितले, की १९८६-८७ चा दुष्काळ एल निन्योच्या फेऱ्याचा होता. माथा सतत वाळत चालल्याचा पुरावा त्या लाकडात नाही. वाद मिटलेला नाही. पण कोणतेही कारण घ्या, ते कुंपणाच्या बाहेरून आलेले आहे. वारा, ढग, बुरशी यांना हद्द नसते.

पक्ष्यांनाही नसते. केत्साल हा या वनाचा राजा. पाठ पाचूसारखी हिरवी, पोट लाल, आणि नराच्या शेपटीवरची लांब पिसे मीटरभरापर्यंत. तो रानटी ॲव्होकॅडोच्या जातीची फळे खातो आणि कुजलेल्या खोडात घर करतो. पॉवेल व रॉबिन ब्योर्क यांनी केत्सालच्या अंगावर लहानसे बिनतारी यंत्र बसवून त्याचा माग काढला. विणीचा हंगाम संपला की तो फळांच्या शोधात आधी प्रशांत उताराकडे खाली जातो, मग कणा ओलांडून कॅरिबियन बाजूला. वर्षातले कित्येक महिने तो राखीव वनाबाहेरच्या, शेतकऱ्यांच्या मालकीच्या झाडांवर काढतो. घंटेसारखा आवाज करणारा घंटापक्षी तर थेट निकाराग्वा व पनामापर्यंत जातो.

म्हणून आता काम हद्दीबाहेर चालले आहे. मोंतेवेर्देपासून निकोयाच्या आखातापर्यंत, या घंटापक्ष्याच्याच नावाने, रानाचे तुकडे जोडण्याचा प्रयत्न आहे. डोंगरावरच्या शेतकऱ्यांनी कुरणांच्या कडेने वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा लाखांनी लावल्या. त्या पक्ष्यांसाठी लावल्या असेही नाही. वारा अडला की कुरण वाळत नाही आणि गाय जास्त दूध देते. पण रांग रानाला जाऊन भिडलेली असली, तर पक्षी तिच्यातून ये-जा करतात आणि त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून रानातलीच झाडे त्या रांगेत उगवू लागतात.